‘लसीमुळेच असेल’: लसीनंतरच्या घसादुखीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ४१ वर्षांच्या, माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या. इथे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तसाच ठेवला आहे. बाईंना लहानपणापासून सौम्य दमा आहे. रोजचा इनहेलर त्या नेमाने घेतात, आणि गेल्या दोन वर्षांत मोठा झटका आलेला नाही. घरी नवरा आणि ७४ वर्षांचे सासरे. सासऱ्यांना सीओपीडी, म्हणजे धाप लावणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, त्यामुळे साधी सर्दीसुद्धा त्यांच्या छातीत उतरते.

गुरुवारी दुपारी साडेचारला बाईंनी माझ्याच दवाखान्यात फ्लूची लस घेतली. दंडात टोचायची, निष्क्रिय केलेल्या विषाणूची. नेमाप्रमाणे १५ मिनिटं बसल्या, काही झालं नाही, घरी गेल्या. सासऱ्यांची लस पुढच्या आठवड्यात ठरली होती. दोघांना एकाच दिवशी अंगदुखी नको, घरात बघायला कोणीतरी हवं, असा त्यामागचा विचार. तो बेत माझाच होता.

अडचण

शुक्रवारी शाळेत शेवटच्या तासाला बाईंचा आवाज जड झाला. घरी येईपर्यंत घसा खवखवायला लागला. रात्री आठला फोन आला, ‘डॉक्टर, काल लस घेतली ना, तेव्हापासून घसा धरलाय.’

हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा मनात फिरवून पाहिलं. त्यात लक्षण होतं, वेळ होती आणि कारणही होतं. कारण रुग्णाने आयतंच हातात दिलं आणि मी ते घेतलं. प्रत्यक्षात ‘तेव्हापासून’ हे खरं नव्हतं. गुरुवारी रात्री त्यांचा दंड दुखत होता, अंगात थोडी कसकस होती, पण घसा ठीक होता. घसा सुरू झाला तो लसीनंतर जवळपास २४ तासांनी, आणि तोवर दंड बरा व्हायला लागला होता. एक प्रश्न जास्त विचारला असता तर हे तेव्हाच कळलं असतं.

धोक्याचं सगळं मी विचारलं. श्वास लागतोय का, ओठ किंवा चेहरा सुजलाय का, अंगावर गांधी उठल्यात का, थुंकी गिळणं अशक्य झालंय का, तोंड उघडायला त्रास होतोय का, तोंडात काही धरून बोलल्यासारखा आवाज येतोय का. सगळ्यांना ‘नाही’. तेवढ्याने माझं समाधान झालं. मी म्हणालो, ‘लसीमुळेच असेल. कधीकधी एखाददोन दिवस कणकणही येते. पॅरासिटामॉल घ्या, मिठाच्या गुळण्या करा, बरं वाटेल.’

शुक्रवारी समोर काय काय होतं

त्या रात्री घसादुखीची निदान चार कारणं शक्य होती, आणि ती तपासायला दवाखान्याचीही गरज नव्हती.

पहिलं, लसीची तीव्र ॲलर्जी. ती बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर काही तासांत दिसते, आणि दहा लाख डोसांमागे एखाददुसऱ्या माणसालाच होते. २८ तासांनी नुसता घसा खवखवणं हे तिचं रूप नव्हे.

दुसरं, फ्लूच्या लसीनंतर क्वचित दिसणारा एक प्रकार, ज्याला डोळे आणि श्वसनमार्गाचा लक्षणसमूह म्हणतात. २०००–०१ च्या हंगामात कॅनडात तो ठळकपणे लक्षात आला. त्यात लस घेतल्यापासून २४ तासांच्या आत डोळे लाल होतात, खोकला, घसादुखी, घोगरेपणा, छाती आवळल्यासारखी वाटणं, कधी चेहऱ्याला सूज असं काही होतं आणि साधारण ४८ तासांत ओसरतं. बाईंचे डोळे लाल नव्हते, म्हणजे निदान मी विचारलं असतं तर नव्हते असं कळलं असतं. मला ते सोमवारी कळलं.

तिसरं, आवाजाचा ताण. दिवसाला सहा तास बोलणाऱ्या माणसाचा घसा शुक्रवारी बसणं यात नवल काही नाही.

चौथं, आणि सगळ्यांत सामान्य, एखादा विषाणू. सर्दीचे विषाणू शरीरात शिरल्यापासून बारा तास ते तीन दिवसांत लक्षणं दाखवतात, फ्लूचा एक ते चार दिवसांत. म्हणजे लस घेण्याआधी, किंवा लसीच्याच दिवशी, लागण झालेली असू शकते. लसीचं संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे त्या काळात माणूस जवळपास लस न घेतलेल्या माणसाइतकाच उघडा असतो.

‘लसीचा घसा’ हे पाचवं कारण मी मुद्दामच यात धरलं नाही. नाकात फवारायच्या जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूच्या लसीनंतर मोठ्यांचा घसा दुखू शकतो. तो तिचा माहीत असलेला परिणाम आहे. टोचायच्या निष्क्रिय लसीचं तसं नाही. काहींना लस आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचून, कोणाला काय दिलं हे लपवून केलेल्या चाचण्यांत दोन गटांत फरक दिसला तो दंडाच्या दुखण्यात आणि लालीत. घसादुखी, खोकला, नाक वाहणं यांत नाही. हे मला माहीत होतं. लस घ्यायला कचरणाऱ्या किती जणांना मी ते सांगितलंय. आणि तरी त्या रात्री फोनवर मी उलटंच बोललो, कारण ते धीर देणारं होतं आणि फोन लवकर संपवणारं होतं.

तरी एक गोष्ट शुक्रवारच्या बाजूने सांगतो. चार तासांचा खवखवणारा घसा, ताप नाही, श्वास मोकळा, अशा माणसाला रात्री आठला तपासणीसाठी बोलावणं मी आजही करणार नाही. घरीच थांबायला सांगणं बरोबर होतं. पॅरासिटामॉल, गुळण्या, भरपूर पाणी, आवाजाला विश्रांती हेही बरोबर. चुकलं ते कारण सांगणं. आणि त्याहून वाईट म्हणजे पुन्हा फोन कधी करायचा, हे मी सांगितलंच नाही.

शनिवार आणि रविवार

शनिवारी सकाळी दंड पूर्ण बरा होता, कसकस गेली होती. घसा मात्र वाढला होता, आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यांत बोलकी खूण हीच. लसीचे परिणाम एकत्र येतात आणि एकत्रच उतरतात. बहुतेक वेळा पहिल्या दिवसात सुरू होऊन एकदोन दिवसांत जातात. इथे एक गोष्ट उतरत होती आणि दुसरी चढत होती. म्हणजे त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

संध्याकाळी सातच्या सुमाराला बाईंना हुडहुडी भरली. ताप ३८.९ अंश सेल्सियस, डोकं जड, कोरडा खोकला. लस घेऊन ५० तास झाले होते. नवरा म्हणाला, ‘डॉक्टरांना फोन कर.’ बाई म्हणाल्या, ‘अहो, ते म्हणालेच होते कणकण येईल म्हणून.’ फोन केला नाही. घसा सुरू होऊन तेव्हा २७ तास झाले होते. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरतो.

त्या दिवशीचा औषधांचा हिशेब मी नंतर त्यांच्याकडून करून घेतला. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, तीन वेळा: ३ ग्रॅम. शिवाय घरात असलेली सर्दीची गोळी तीन वेळा. तिच्यातही प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं, ते पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं. एकूण साडेचार ग्रॅम. निरोगी प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची हद्द. एका दिवसाने यकृताला काही झालं नाही, पण चारपाच दिवस असंच चाललं असतं तर मी वेगळंच प्रकरण लिहीत असतो. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत तापाचं औषध असतं हे बहुतेकांच्या गावीही नसतं. आणि ‘पॅरासिटामॉल घ्या’ म्हणताना ‘आणखी काय घेताय’ हे मी विचारलं नव्हतं.

एक बरं केलं त्यांनी. घरात आयबुप्रोफेन होतं, ते घेतलं नाही. दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या वेदनाशामकांनी धाप लागते, हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

रविवारी घरातल्या जुन्या प्रतिजैविकाच्या उरलेल्या गोळ्या निघाल्या. ‘घसा म्हटलं की हीच’ असं सासऱ्यांचं मत. बाईंनी दोन डोस घेतले. काही फरक पडला नाही, पडणारही नव्हता. मोठ्यांच्या घसादुखीत जिवाणू कारण असण्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के. सरसकट सगळ्या घसादुख्या धरल्या तर प्रतिजैविकांनी त्रासाचा काळ सरासरी १६ तासांच्या आसपास कमी होतो. विषाणूमुळे दुखणाऱ्या घशाला तेवढाही उपयोग नाही.

सोमवार

सकाळी अकराला बाई आल्या. ताप ३८.४, नाडी ९८, ऑक्सिजन ९६ टक्के. घसा लाल, पण टॉन्सिलवर पांढरा थर नाही, मानेच्या पुढच्या गाठी दुखऱ्या नाहीत. छातीत हलकी शिट्टी ऐकू येत होती. लस दिलेली जागा साफ.

घशाचा जिवाणूसंसर्ग ओळखायला १९८१ पासून वापरात असलेले चार निकष आहेत: ताप, टॉन्सिलवर थर, मानेच्या पुढच्या दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. पुढे त्यात वयाचा गुण जोडला गेला. बाईंना एकच गुण, तापाचा. एक किंवा शून्य गुण असेल तर घशाची जिवाणू तपासणीही नको आणि प्रतिजैविकही नको. उरलेल्या गोळ्या थांबवल्या.

मग मी तो प्रश्न विचारला, जो शुक्रवारी विचारायला हवा होता: ‘आसपास कोणी आजारी आहे का?’ बाई लगेच म्हणाल्या, ‘बुधवारी वर्गातली तीन मुलं तापाने घरी गेली. एक तर माझ्या टेबलापाशीच बसून होता, त्याचे बाबा येईपर्यंत.’ बुधवार ते शुक्रवार, दोन दिवस. फ्लूला सरासरी तेवढाच वेळ लागतो.

नाकातून नमुना घेऊन झटपट तपासणी केली. इन्फ्लुएन्झा ए: पॉझिटिव्ह. कोविड: निगेटिव्ह. झटपट तपासणी नकारार्थी आली असती तरी फ्लू नाही असं म्हणता आलं नसतं, कारण ती बऱ्याच खऱ्या रुग्णांना चुकवते. होकारार्थी आली, म्हणून प्रश्न मिटला.

ओसेल्टामिवीर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिलं तर सर्वांत उपयोगी. आमचे ६७ तास झाले होते. अशा वेळी निरोगी तरुण माणसाला मी ते देत नाही. बाईंना दमा होता आणि छाती वाजत होती. जास्त धोका असलेल्यांना उशिरा दिलं तरी काही फायदा होऊ शकतो, म्हणून ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, असं दिलं. झानामिवीर हे दुसरं औषध ओढून घ्यायचं असतं आणि दम्यात श्वासनलिका आवळू शकतं, त्यामुळे त्याचा विचारच केला नाही. इनहेलर वाढवला. पॅरासिटामॉल चालू ठेवलं, सर्दीच्या गोळ्या बंद. घशासाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून गुळण्या, चघळायच्या गोळ्या, आणि ‘फोनवरसुद्धा कमी बोला’. कुजबुजू नका हेही सांगितलं. बसलेल्या घशाला कुजबुजण्याने आराम मिळत नाही.

घरातला दुसरा माणूस

सासरे सोबत आले होते, मास्क न लावता, सुनेच्या शेजारच्या खुर्चीत. फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या एक दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो. म्हणजे चार दिवस ते त्याच घरात, त्याच टेबलावर होते. ‘लसीचा ताप’ काही पसरत नाही, म्हणून घरात कोणी अंतर ठेवलंच नव्हतं. माझ्या त्या एका वाक्याची खरी किंमत इथे होती. एका माणसाचा औषधाचा दिवस हुकला हे त्यामानाने किरकोळ.

पर्याय दोन होते. लक्ष ठेवायचं आणि पहिल्या शिंकेला उपचार सुरू करायचे, किंवा आत्ताच प्रतिबंधक औषध द्यायचं. वय, सीओपीडी आणि यंदाची लस न झालेली, हे तिन्ही पाहून दुसरा पर्याय घेतला. महिन्यापूर्वीचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, ठीक होतं; मूत्रपिंड कमजोर असतं तर मात्रा कमी करावी लागली असती. दिवसातून एकदा ७५ मिलिग्रॅम, शेवटच्या संपर्कापासून सात दिवस. बाईंची खोली वेगळी, दोघांना मास्क, खिडक्या उघड्या.

लस त्याच दिवशी देता आली असती. टोचायच्या लसीला या औषधाची अडचण नसते, नाकातल्या जिवंत लसीला असते. मी विचारलं. काका, म्हणजे बाईंचे सासरे, म्हणाले, ‘नको. हिला लसीनंच ताप आला.’

मी समजावलं. लसीतला विषाणू मेलेला असतो, तो वाढूच शकत नाही. लागण बुधवारची, लस गुरुवारची. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘शुक्रवारी कावळ्याचं नाव तुम्हीच घेतलंत ना, डॉक्टर?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शुक्रवारी लस दोषी आणि सोमवारी निर्दोष, असं एकाच तोंडाने सांगणाऱ्या माणसावर कोणी का विश्वास ठेवावा? मी म्हणालो, ‘हो. ते चुकलं माझं.’ लस त्या दिवशी झाली नाही.

निष्पत्ती

बाईंचा ताप बुधवारी उतरला. घसा गुरुवारपर्यंत मोकळा झाला, म्हणजे एकूण सहा दिवस. नुसत्या विषाणूच्या घसादुखीलाही साधारण तेवढेच लागतात. खोकला आणि इनहेलरची वाढलेली गरज मात्र तीन आठवडे रेंगाळली. पुढच्या सोमवारी त्या शाळेत गेल्या, पण पहिले तीन दिवस फळ्यावर लिहून भागवलं. रुग्णालयात जावं लागलं नाही. सासऱ्यांना काही झालं नाही. औषधामुळे की नशिबाने, ते एका माणसावरून ठरवता येत नाही.

एक काम कागदावरचं. शुक्रवारी फोन ठेवल्यावर मी बाईंच्या कार्डावर ‘फ्लूची लस: घसादुखी, ताप संभवतो’ असं खरडलं होतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणी ते वाचलं असतं तर ‘लसीची रिॲक्शन’ म्हणून लस टाळली असती, आणि दमा असलेल्या बाईंना ते महागात पडलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात लसीनंतर घडलेल्या घटनांचे पाच प्रकार आहेत: लसीच्या घटकांमुळे, लसीच्या दर्जातील दोषामुळे, देण्यातल्या चुकीमुळे, भीतीमुळे आणि योगायोगाने. जुनी ओळ खोडून ‘योगायोग, इन्फ्लुएन्झा ए, तपासणीने सिद्ध’ असं लिहिलं आणि तारीख घातली.

वेगळं काय करता आलं असतं

दोन्ही लशी एकाच दिवशी दिल्या असत्या तर? काकांचं संरक्षण चार दिवसांत काही तयार झालं नसतं, पण सुनेचा ताप बघून नकार द्यायची वेळही आली नसती.

शुक्रवारी तपासणी करण्यात अर्थ नव्हता, हे वर म्हटलंच. निर्णयाची खरी जागा शनिवारी संध्याकाळी होती. २७ तासांनी औषध सुरू झालं असतं. त्याने फार तर आजाराचा एखादा दिवस वाचला असता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. दम्याच्या छातीला तो एक दिवस मोठा ठरला असता का, सांगता येत नाही. सासऱ्यांचं संरक्षण मात्र दोन दिवस आधी सुरू झालं असतं.

आता अशा फोनला मी कारण सांगत नाही, मुदत सांगतो. काय उतरतंय आणि काय चढतंय ते विचारतो. लस टोचायची की नाकातली, आसपास कोण आजारी, घरात नाजूक कोण, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत. ताप गोळी घेण्याआधी मोजायला सांगतो, नाहीतर आकडा गोळीचा येतो. ‘लसीमुळे असो वा नसो, घरातल्यांपासून दोन दिवस जरा लांब बसा’ एवढं बोलायला काही खर्च नाही. आणि ४८ तासांच्या पुढे काहीही वाढत असेल, किंवा ताप दुसऱ्या दिवसानंतर नव्याने आला, तर तो लसीचा नाही असं धरून फोन करायचा. श्वास, थुंकी न गिळता येणं, एका बाजूची सूज, तोंड न उघडणं यांना मुदत नाही. त्यांच्यासाठी लगेच.

सतरा दिवसांनी काका एकटे आले. बाही वर करून बसले आणि म्हणाले, ‘घसा दुखेल का ते आधी सांगा.’

मी म्हणालो, ‘दंड दुखेल. घसा दुखला तर तो कशामुळे हे मी फोनवर सांगणार नाही. तुम्ही मला फोन करायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचा.’

‘रविवार असला तरी?’

‘रविवार असला तरी.’

त्यांनी दंड पुढे केला. दोन दिवसांनी फोन आला. घसा ठीक होता, दंड दुखत होता, आणि सर्दीच्या गोळीवरचं बारीक अक्षर मोठ्याने वाचून दाखवायचं होतं.